पापणी

मोबाईल म्हणतो, पापणी हलवा.
द्वारका हलवत नाही.
फोटोत पापणी हलली की फोटो वाया जातो
असं तिला लग्नातल्या फोटोवाल्यानं सांगितलेलं,
ते तिनं सांभाळून ठेवलंय.
"अगं, मिचकाव की डोळे."
"कुणापुढं, बाई?"
आणि पदर तोंडात धरून हसायली.
तेवढ्यात गोल चाक फिरायला लागतं.
फिरतंय, फिरतंय,
आणि रेंज निघून जाते
म्हसोबाच्या टेकाडापलीकडं, सेनगावच्या अंगाला.

पाकिटं इथंच आहेत. माझ्या खुर्चीखाली.
मूगडाळ खिचडीची दोन, तिखट-मीठ वेगळं.
हात लांबवला की द्वारकाच्या पिशवीत पडतील.
पण आधी चेहरा जुळला पाहिजे,
मग नंबर आला पाहिजे,
आणि नंबर जातो तिच्या नवऱ्याच्या फोनवर,
जो बोअरच्या गाडीवर निजामाबादकडं
कुणाच्या तरी जमिनीत तीनशे फूट खाली
पाणी शोधत असतो.

जरीनाबी भात ढवळता ढवळता म्हणते,
"तरी मशीन बरी."
बावीस वर्षं मदतनीस आहे ती,
या खोलीला पत्रे नव्हते तेव्हापासून.
"रजिस्टरात पंचावन्न नावं होती, बाई,
आणि चटईवर एकोणीस लेकरं.
बाकीची छत्तीस कुठं जेवत होती?
कुणाच्या माडीवर स्लॅब पडला त्या पोत्यांतून,
बोलू का नाव?"
मी म्हणते, नको.
"मशीनला मेहुणा नसतो," ती म्हणते.

खरं आहे.
मेहुणा नसतो.
पण मावशी पण नसते ना, जरीनाबी.
लेकरू कडेवर झोपलेलं, बाई दोन कोस चालून आलेली,
तिचा चेहरा बाळंतपणात उतरलाय,
मागच्या उन्हाळ्यातल्या फोटोशी जुळत नाही,
हे मावशीला दिसतं.
बीटच्या बैठकीत हे बोलले होते मी.
पर्यवेक्षिका मॅडमनी भिंतीवर नकाशा दाखवला.
हिरवी गावं, पिवळी गावं, आमचं तांबडं.
"भावना समजते हो," म्हणाल्या,
"पण वरच्यांना रंग दिसतो."
त्यांचाही फोन सारखा वाजायला होता.
त्यांच्याही वरती कुणी तरी तांबडं बघत असणार.

भात शिजला. जरीनाबीनं परात झाकली.
मी गप्प का झाले, ते तिनं विचारलं नाही.

त्या छत्तीसांत एक नाव माझं होतं.
म्हणजे माझ्या हातानं लिहिलेलं.
गयाबाईची सोनकी, वय तीन,
हगवणीनं गेली पोळ्याच्या आदल्या दिवशी.
मी तिला हजर लावत राहिले
पोळा, दसरा, दिवाळी, थेट संक्रांतीपर्यंत.
तिची थोरली बहीण सात वर्षांची होती,
आमच्या नियमात बसत नव्हती,
फक्त दारात येऊन बसायची, ताटली उलटी धरून.
सोनकीच्या वाट्याचं ती खायची.
मी "ह" काढायचे, निळ्या पेनानं,
आणि दर वेळी हात उलीसा थांबायचा.

चोरी ती पण चोरीच ना?
स्लॅबवाल्याच्या ओळीतच माझी ओळ.
आज ती पोर असती दारात
तर मशीननं सोनकीला विचारलं असतं, पापणी हलव.
मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.
आणि मशीन नसती
तर स्लॅबवर दुसरा मजला चढला असता,
हे जरीनाबी मला विसरू देणार नाही.

फोन वाजला. द्वारकाचा नवरा.
मागं बोअरची घरघर, दगड फुटायले,
त्याच्यातून तो ओरडून आकडे सांगतोय:
"चार! सात! शून्य का हो... नाही, नऊ! नऊ!"
द्वारका तिकडून, "जेवलात का?"
"आकडे घे आधी!"
लिहायला कागद सापडेना.
जरीनाबीनं फळीवरून जुनं रजिस्टर ओढलं,
धूळ झटकली पदरानं,
नेमकं कुठलं पान उघडलं तिनं
ते बघून उघडलं की न बघता, कोण जाणे.
त्याच पानाच्या कडेला, निळ्या "ह"च्या रांगेशेजारी,
मी लिहायला लागले.
चार. सात. नऊ.
"पुढं? पुढं काय म्हणाले?"