छाट

नववी ब. बेचाळीस वह्या.
विषय दिला होता : माझ्या आयुष्यातला एक दिवस.
अडतीस जण महाबळेश्वरला जाऊन आले,
सगळ्यांच्या डोंगरांनी हिरवा शालू नेसला होता,
परतताना सगळ्यांची पावलं जड झाली होती.
महाबळेश्वर यांतल्या कुणी पाहिलेलं नाही.
गाईड मात्र एकच, पान चौऱ्याहत्तर.

मी म्हटलं, डोंगर राहू द्या.
सकाळी पहिला आवाज कशाचा येतो, ते लिहा.
"मागाचा."
"आमच्यात पण मागाचाच, बाई."
"सगळ्यांच्यातच की ओ. त्यात काय लिहायचं?"
तुमचा माग कधी थांबतो, ते लिहा.
कुठला वार होता, तेही लिहा.

वर्ग गप्प.
फक्त पंखा, आणि पंख्यातून येणारी
अक्कलकोट रोडची गरम हवा.

गुर्रम प्रवल्लिकानं दीड पान लिहिलं.
गुरुवार. अम्मासोबत बिडी कारखान्याची रांग.
हजार बिडी म्हणजे चाळीस कट्टे.
चेकर कट्टा उचलतो, अंगठ्यानं दाबतो,
छाट, म्हणतो, बाजूला टाकतो.
त्या दिवशी सहा कट्टे बाजूला गेले.
अम्मा काही बोलली नाही.
येताना नेहमी शेंगा घ्यायची.
मी म्हणले, नक्को, मला भूक नाही.
एवढंच. पूर्णविराम.

मी लाल पेन उघडलं.
अम्मावर काट, वर आई.
नक्कोतला एक क गाळला.
समासात लिहिलं : तात्पर्य?

वही घेऊन ती जागेवर गेली नाही.
"बाई, आई लिहिलं की दुसरंच कोणतर वाटायलंय."
मग लाल रेघांवरून बोट फिरवत,
अगदी साधं विचारल्यासारखं :
"हे सगळं छाट काय?"

घरी लोखंडी कपाटात माझं प्रमाणपत्र आहे.
निबंध स्पर्धा, प्रथम क्रमांक, 'माझी समुद्राची सहल'.
तो समुद्र मी अजून पाहिलेला नाही.
त्याच वर्षी गिरणी बंद पडली,
आणि अण्णा डबा घेऊन तसेच निघायचे,
कंबर तलावाच्या काठाला बसून
पाळी सुटायच्या वेळेला परत.
आई उंबऱ्यात उभी राहून त्यांचा सदरा झटकायची.
कापूस पडायचा नाही.
तरी झटकायची.

दुसऱ्या दिवशी प्रवल्लिकाची वही मागून घेतली,
अम्मा परत लिहिलं, माझ्याच लाल पेनानं,
क मात्र तिनंच आधी लावून टाकला होता.
मग फळा पुसला.
बेचाळीस जणांकडे पाठ करून लिहिलं :
अण्णांच्या सदऱ्यातून कापूस पडला नाही.

मागे कुणी हसलं नाही.
सदऱ्यात कापूस कसा, असंही विचारलं नाही कुणी.
फक्त शेवटच्या बाकावरून नदाफांचा मुनीर :
"वार लिहा की, बाई."

मंगळवार लिहिणार होते.
म तेवढा झाला होता.
तोही हातानंच पुसला.