मंगळवार पेठ, बफेलो

पहाटे साडेपाच. बाहेर गुडघाभर बर्फ.
डायलिसिस सेंटरच्या खुर्च्यांत आम्ही चौघं रेलतो
आणि आमचं रक्त नळ्यांतून फेरफटका मारायला निघतं.
चार तास.
तेवढ्यात माणसानं करायचं काय?
आम्ही भांडतो.

विषय ठरलेला. खेळाच्या येड्यांसाठी
सगळ्यात भारी शहर कुठलं?
ज्याचं मशीन आधी बोंबलेल, तो हरला.

लेस्टर फिलाडेल्फियाचा. म्हणतो,
आमच्याकडे पोराच्या हातून चेंडू सुटला
तर पहिली हुर्यो त्याची आई करते.
बर्नाडेट पिट्सबर्गची.
नवऱ्याला पुरलं तेव्हा छातीवर पिवळा टॉवेल होता,
आणि पाद्रीबुवांनी प्रार्थना आटोपती घेतली,
कारण मॅच एकला सुरू व्हायची होती.
डॉमिनिक इथलाच, बफेलोचा.
घरचं फावडं नेऊन स्टेडियमातला बर्फ उपसतो,
मग त्याच बाकावर बसून हार बघतो.
ओळीनं चार फायनल गेल्या, म्हणतो,
पाचव्या साली मी तिकीट काढलंच.
एवढं म्हणेपर्यंत त्याचं मशीन बोंबललं.
नर्स तमारा लांबूनच ओरडली,
"एकशेऐंशी! डॉम, तू बाद."

"आणि तुझं, सॅल?"
साळोखेचा सॅल होऊन मला तीस वर्षं झाली.
त्यांना वाटलं, मी क्रिकेट म्हणणार.
म्हटलं, कोल्हापूर. फुटबॉल.
तालमीतालमीचा संघ. दुपारी मॅच, संध्याकाळी पोलीस.
माझी बहीण शिवाजी पेठेत दिली,
तर फायनलच्या आठवड्यात दाजी आमच्याकडं पाणी पीत नसत.
आणि बहीण?
ती गोल कुणाचाही झाला तरी
तोंडाला पदर लावून बसायची.
"तुझी पेठ कुठली?"
मंगळवार. मी अर्थ सांगितला.
डॉमिनिकनं नळीतल्या रक्ताकडं पाहिलं,
भिंतीवरच्या कॅलेंडराकडं पाहिलं.
"मंगळवारची वस्ती? मग ती हीच की."

फेब्रुवारीत लेस्टरला रात्री दोनला फोन आला.
किडनी मिळाली.
कुणाची, कुठल्या गावची, ते सांगत नाहीत.
बर्नाडेटला खात्री आहे.
परवा त्याचा निरोप आला. तब्येत झकास,
फक्त रविवारी टीव्हीपुढं बसलं
की टाळ्या भलत्याच वेळी वाजतात.
ती इतकी हसली, की सुई हलली.

त्याच्या खुर्चीत आता एक पोरगा आहे,
सव्वीस-सत्तावीसचा, गप्प.
तीन दिवस ब्लँकेट नाकापर्यंत.
आज डॉमिनिकनं विचारलंच, कुठला रे तू?
ब्लँकेट जरा खाली आलं.
"क्लीव्हलंड," तो म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

तमारा धावत आली.
तीन मशीनं एकदम बोंबलत होती.