नखावरची धार

कुपवाडच्या एमआयडीसीत, मागच्या गल्लीत,
जिथं बाभळीला पिशव्या लागतात,
तिथं आमचं वर्कशॉप: तीन लेथ, एक ड्रिल,
एक ग्राइंडर, आणि मी,
भूपाल मगदूम, एकतीस वर्षं टर्नर.

योजनेतून आलेलं पोरगं म्हणजे
सकाळी अंगठा, संध्याकाळी अंगठा, मधे मोबाईल.
असं मी म्हणायचो.
चहाच्या गाड्यावर सगळेच म्हणायचे.

एका सोमवारी मालकानं फाईल दाखवली:
रुबिना शिकलगार, मुक्काम बुधगाव,
आयटीआय टर्नर, सहा महिने शिकाऊ,
स्टायपेंडात सरकारचं इतकं, आपलं इतकं.
"पोरगी?" मी म्हणालो.
"'चालेल का' असा रकाना नाही फॉर्मात," मालक म्हणाला
आणि मोटर चालू करून गेला.

आठ दिवस तिला नुसता कीस उचलायला लावला,
निळा पडलेला, कुरळा, चटका देणारा.
ओढणी ती घरीच ठेवून यायची,
सांगावं लागलं नाही.

नवव्या दिवशी टूल बसलं.
मी ग्राइंडरवर धरलं. ठिणग्या. मागून ती:
"काका, लवकर काढताय."
"काय?"
"दगडाचा आवाज अजून जाडाय. धार लागली की तो बारीक होतो."
"आयटीआयत शिकवलं का हे?"
"नाही ओ. आज्ज्यानं.
सायकल स्टँडवर चढवून पायडल मारायचा,
विळे, कात्र्या, खाटकाच्या सुऱ्या, तासगावापासून कवठ्यापर्यंत.
पाण्याचा डबा मी धरायची."
मग टूल घेतलं, अंगठ्याच्या नखावर टेकवलं.
घसरलं तर बोथट.
अडलं.

त्या दिवशी शाफ्टवरनं कीस असा उतरला
की लोखंडाला दुखलंच नसावं.

पुढं तिनं पहिला शाफ्ट घालवला,
पाच शतांश कमी.
काढलेलं परत लावता येत नाही, या धंद्यात तरी.
माझ्या उस्तादानं अशा वेळी पान्हा फेकला होता,
भुवईत खूण आहे.
मीही पान्हा उचलला.
चकचा नट आवळला, आणि म्हणालो, दुसरा लाव.

तिसऱ्या महिन्यात हजेरीचं यंत्र तिला ओळखेना.
कूलंट, कीस, घासपेपर:
शिकली तितका अंगठा पुसला.
यंत्रात गैरहजर, म्हणून स्टायपेंड अडलं.
पोर लेथपाशी उभी, कागदावर कुठंच नाही.
बुधगावाहून सायकलनं यायला लागली,
कारण विचारलं तर म्हणाली, व्यायाम.
दोनदा मालकाला घेऊन सांगलीच्या ऑफिसात गेलो.
साहेब म्हणाले, बोट बदलून बघा.
करंगळी लागली. करंगळीनं अजून काही शिकलं नव्हतं.

सहा महिने भरले. सर्टिफिकेट आलं, कडेला सोनेरी.
मी मालकाला म्हणालो, ठेवून घ्या हिला.
तो म्हणाला, ठेवली तर सगळा पगार आपला,
नवीन घेतला तर सरकार देतंय थोडं.
हिशेब चुकीचा नव्हता.
आणखी बोलायला पाहिजे होतं मी.
मी स्पिंडलचा वेग वाढवला.

ती आता पलूसच्या बाजूला कुठंतरी आहे,
पंपाच्या कारखान्यात. रमजान ईदला फोन येतो,
पाठीमागं मोठ्या मशिनी घुमत असतात,
मी ऐकतो, कुणाचं टूल बसलंय ते.

नवीन पोरगा आलाय, हर्षद माळी, कानात वायर.
काल त्याला ग्राइंडरजवळ ओढला,
वायर काढायला लावली.
"ऐक."
"काय ऐकू?"
"जाड आहे तोवर थांब."
बराच वेळ थांबला बिचारा.
मग म्हणाला, "आता?"
मी माझा अंगठा पुढं केला,
नखावर बारीक रेघाच रेघा,
यातली एकही एकतीस वर्षांतली नाही.