तीन ई

केल्डबेक गावाबाहेर, मेंढ्यांच्या कुरणाला लागून, दफनभूमी आहे.
तिची लाकडी पाटी जानेवारीच्या वादळात ओढ्यात गेली,
तेव्हा पंचायतीनं ठरवलं, आता दगडाचीच.
कारकून थ्वेटसाहेबांनी कागदावर शब्द लिहिला
आणि सेथ मेटकाफच्या शेडमध्ये पाठवून दिला.

सेथ सत्तेचाळीस वर्षं अक्षरं कोरतोय.
बापाचा नियम: कागदावर असेल तेच दगडावर.
मेलेल्याचं वय चुकलेलं असो, आडनावात एखादा एल जास्तीचा,
गिऱ्हाइकाच्या दुःखाचं शुद्धलेखन
आपण तपासायचं नाही.

तर त्यानं कोरलं.
सी, ई, एम, ई, टी
(इथे छिन्नी जरा अडली होती, असं तो आता सांगतो)
ए, आर, वाय.

बारा दिवस कोणाला काही दिसलं नाही.
पोस्टाची गाडी रोज समोरून जायची,
दोन शवपेट्याही आत गेल्या.
तेराव्या दिवशी हेस्टर अल्डरसन आली,
हातात खुरपं, मागे म्हातारं कुत्रं.
पाटी वाचली, आणि निवृत्तीला वीस वर्षं झालेली बाई
कोटाच्या खिशात लाल पेन्सिल चाचपू लागली.

"सेथ, त्यात तीन ई असतात. ए एकही नाही."
"कानाला तर तसंच लागतं."
"कानाचं काय घेऊन बसलास!
शब्द मुळात ग्रीक. अर्थ, निजायची जागा.
मेलेल्यांची नाही रे. निजलेल्यांची."

सेथनं चहाचा मग खाली ठेवला.
यॉर्कशायरच्या त्या दऱ्यांत माणूस माणसाला भेटला
की "एय् अप" म्हणतो,
आपल्याकडे नुसत्या ए वर भागतं तसंच.
ए, ऊठ. ए, इकडे बघ. ए, ऐकतोस ना?
"मग बरोबर," तो म्हणाला,
"निजलेल्यांच्या दारात ए कशाला हवा."

थ्वेटसाहेब म्हणाले, एप्रिलपर्यंत पैसे नाहीत,
पुट्टी भरा आणि वरून ई रंगवा.
सेथ म्हणाला, पहिल्या कडाक्यात पुट्टी गळेल,
मग लोक दोन्ही वाचतील.

ही पाटी थुंकी लावून पुसता येत नाही.
एक अक्षर काढायचं तर
उरलेली सातही, बरोबर असलेली,
तेवढीच खोल घासून टाकावी लागतात.
तीन दिवस त्यानं घासलं.
हिरवट भुकटी त्याच्या भुवयांत, पावाच्या डब्यात,
कुत्र्याच्या पाठीवर सुद्धा.
चौथ्या दिवशी कोऱ्या दगडापुढे
त्यानं हेस्टरला कागद दिला. "तुम्हीच लिहा."
तिनं लिहिलं, आणि लिहून झाल्यावर परत एकदा मोजलं.

पाटी उभी राहिली त्या संध्याकाळी
हत्यारं गाडीत भरता भरता सेथ म्हणाला,
"यंत्र आणलेलंच आहे.
एनॉकच्या दगडावरची तारीखही करून टाकू?
तो सोमवारी गेला. तुमच्या कागदावर गुरुवार होता.
मी तेव्हाच..." आणि पुढचं त्याला सुचेना.

हेस्टर फाटकाच्या कडीशी उगाच खटपट करत राहिली.
"नको," म्हणाली. "मला गुरुवारी कळलं."
"पण तुम्ही तर तिथंच होतात. उशाशी."
"होते ना."

मग ती आत गेली. कुत्रंही.
सेथनं गाडी लगेच सुरू केली नाही.
ओल्या गवतात खुरप्याचा आवाज येत होता,
आणि मधेच, अगदी हळू,
पण वाऱ्यानं आणून दिलं म्हणून ऐकू आलं:
"एय् अप, एनॉक."