उलटा चिमटा

खोक्यातून सायकल निघते तेव्हा
तिचं हॅण्डल मान मुरगळल्यासारखं आडवं असतं.
पॅडलं वेगळ्या पिशवीत,
आणि एक कागद, ज्यावरचा चित्रातला माणूस
न बोलता सगळं समजावतो.
वाशीच्या मोठ्या दुकानाच्या तळघरात
एका षट्कोनी चावीवर मी अशा नऊ उभ्या करतो
जेवणाच्या सुट्टीआधी.
लोबो सर वरून फोन करतात :
कुकरच्या शेजारची जागा रिकामी दिसतेय.

स्टाफला बावीस टक्के सूट.
श्रावस्तीने जांभळी हेरून ठेवली होती,
एकवीस गिअर, मुठींना झिरमिळ्या, हेल्मेट फुकट.
उज्ज्वलाने मोबाइलवर हिशेब केला,
सहा हजार दोनशे एकोणचाळीस,
म्हणाली, घेऊन टाक की, तूच तर बसवतोस.

तूच तर बसवतोस.
हे वाक्य घणसोलीपर्यंत माझ्या मागच्या सीटवर बसून आलं.

घणसोली गावात, जिथे सेक्टरचे आकडे संपतात
आणि घरांवर नुसती माणसांची नावं उरतात,
तिथे जनार्दन मढवीचं दुकान.
म्हणजे अर्धं शटरच्या आत, अर्धं रस्त्यावर :
टबातलं काळं पाणी, खिळ्याला लोंबणाऱ्या ट्यूबा,
बशीत रॉकेलमध्ये निथळणारे छर्रे.
किंमत त्याने सांगितलीच नाही. विचारलं,
"पोरगी कवरी हाय?"
मी हात छातीशी धरला.
"ती उंची झाली. पाय कवरे हायत?"
तेरा वर्षं घरात चालताहेत ते पाय,
मला सांगता येईना.

कोपऱ्यात उलटी टांगलेली सायकल आमच्याकडची होती.
बारकोड अजून नळीवर.
त्याने चाक फिरवलं. चाक झिंगत झिंगत थांबलं.
"आनि ह्यो बग, चिमटा उलटा.
पोरानं वलन घेतलं, बूट चाकात. दोन दात गेलं.
कोन बसवतं रं हे?
हाताला मेंदी लावून बसतं का?"

कोण जाणे, मी म्हटलं.
माझी नखं त्याच्यापेक्षा स्वच्छ होती.

दहा हजार पाचशे. गिअर नाही, हेल्मेट नाही,
घंटीचेही वेगळे साठ.
"महिन्यानं परत हान. तारा सैल परतात. पैसं नय."
मी दोन हजार विसार दिला
आणि पोरीला घेऊन यायचं कबूल केलं, मापाला,
ब्लाउज शिवायला टाकतात तसं.

शनिवारभर श्रावस्ती बोलली नाही.
रंग शेवाळाचा आहे म्हणाली, उज्ज्वलाला, मला ऐकू जाईल असं.
रविवारी खाडीच्या बाजूला गेली ती
दिवे लागल्यावर आली.
पायपुसण्यावर चिखल झटकत म्हणाली,
सीट जरा वर कर ना.
एवढंच. जांभळीचं नाव अजूनही निघतं, सणावाराला.

रात्री मी मोजायला लागलो.
दिवाळीपासून किती? कामोठ्याला किती गेल्या,
उलव्याला, दिव्याला, कुठल्या जिन्याखाली
माझ्या हातची एखादी उभी असेल,
तोंड मागे करून.
सहाशेच्या पुढे मोजणं सोडलं.
झोप लागली नाही असंही नाही.

सोमवारी पहिलं खोकं उघडलं.
चिमटा फिरवला. चाक फिरवून कान लावला.
रिम कुठे घासते ते मढवीने दाखवलं होतं,
खडूने खूण करायची, तार पाव आटा आवळायची.
सुट्टीपर्यंत चारच झाल्या.
फोन वाजला. येतायत सर, म्हटलं, येतायत.

पाचवी वर पोचवताना
एक गृहस्थ मुलाला घेऊन कुकरपाशी उभे,
किंमतीचा कागद उलटसुलट करत.
"चांगली आहे का हो ही?"

चिमटा सरळ आहे साहेब.

ते हसले. मुलगा घंटी वाजवत होता.
मी इकडे तिकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हटलं,
महिन्याने घणसोली गावात घेऊन जा,
सेक्टर संपतो तिथे मढवी म्हणून विचारा.
आणि जाताना
पोराला बरोबर न्या, पायांसकट.