चारशे नव्वद कोस

साखा भाषेतही कोस असतो.
आपल्यापेक्षा ऐसपैस, दहा किलोमीटरचा एक.
म्हणजे याकुत्स्क ते मॉस्को चारशे नव्वद कोस,
असा हिशोब द्युलुस्तानने बोर्डिंग पासच्या पाठीवर मांडायला घेतला
आणि कोटाच्या खिशात पेन गोठलेलं होतं
म्हणून बोटानेच पुरा केला.

बाहेर उणे सत्तेचाळीस.
टॅक्सीतून उतरलेला माणूस
चार पावलांवर स्वतःच्याच श्वासात नाहीसा होत होता.
पिशवीत लेना नदीचे तीन मासे,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले, सरपणासारखे ताठ.
काट्यावर ठेवताच ठक्क वाजले.
काउंटरवरच्या मुलीने वरही पाहिलं नाही.
इथून कोण रिकाम्या हाताने जातं?

सुटायची वेळ नऊ चाळीस.
पोचायची, तिथल्या घड्याळात, दहा दहा.
अर्धा तास!
एवढ्यात तर त्याची जीपसुद्धा गरम होत नाही.

खरे तास साडेसहा. ते त्यालाही ठाऊक,
तीस वर्षं बॉयलरच्या काट्यावर नजर ठेवलेला माणूस तो.
पण डाव्या खिडकीत सूर्य उगवायला आला
आणि तसाच थांबला,
दारात बूट काढू की नको अशा पाहुण्यासारखा.
चहा आला, गेला.
शेजारचा घोरून उठला, पुन्हा घोरू लागला.
खाली सैबेरिया. बऱ्याच वेळाने खाली सैबेरिया.
पांढऱ्यावर पांढरी एक नदी
आणि सूर्य तिथेच, तेवढाच, तांबडा.
इतकी लांब सकाळ त्याला आयुष्यात मिळाली नव्हती.
तिचं करायचं काय, ते सुचेना.
पट्टा बांधून, हात मांडीवर ठेवून
तो नुसता बसून राहिला.

मेट्रोत मासे सैल पडू लागले.
आठव्या मजल्यावर तुयाराने दार उघडलं.
किती वाळलात, किती लांबून आलात,
असलं काही ती म्हणाली नाही.
म्हणाली, "बाबा, पिशवी गळतेय."

मग आईला फोन.
"पोचले?"
"पोचले. दुपारचे बारा वाजलेत."
पलीकडे मात्र्योना गप्प.
तिच्याकडे अंधार पडून गेला होता.
तिने नदीच्या बर्फाची लादी आत आणली होती,
फोडून पातेल्यात वितळवली होती,
कुत्र्याला घातलं होतं, त्याच्या जुन्या सदऱ्याचं बटण लावलं होतं,
आणि मधला बराच वेळ
खिडकीवरचं दव नखाने खरवडत काढला होता.
"आत्ता बारा?" ती म्हणाली,
"मग माझे सहा तास कुठे गेले रे?"

द्युलुस्तानला ओशाळल्यासारखं झालं,
दुकानदाराने चुकून जास्त सुटे दिल्यावर होतं तसं.
त्याने घड्याळ मागे केलं नाही.
परतीचं विमान संध्याकाळचं आहे,
डोळा लागतो न लागतो तोच उजाडेल,
तेव्हा होईल सगळं वळतं.

तुयारा मासा कापायला बसली.
गोठलेल्या माशाच्या पातळ ढलप्या काढायच्या असतात,
मीठ-मिरीत बुडवून, वितळायच्या आत खायच्या.
पहिला फारच मऊ निघाला, दुसराही.
तिसऱ्यात सुरी मधोमध अडली.
"हा अजून तिकडेच आहे," ती म्हणाली
आणि सुरीवर जोर द्यायचं सोडून
हात तसाच ठेवून बसली.