निशाणी एकवीस

मी दुभाष्या होतो, लश्करच्या कचेरीत.
महिना अठरा रुपये, शाई सरकारी.
पौषातल्या एका रात्री जनकगंजात झडती झाली
आणि सकाळी माझ्या मेजापाशी एक ट्रंक आली:
गंधकाची पुडी, सोडावॉटरच्या रिकाम्या बाटल्या,
दोन पिस्तुलं, ती मोजायला वेगळा माणूस होता,
आणि भित्र्या अक्षरातले सुटे कागद.
मराठीचं इंग्रजी करायचं, एवढंच माझं काम.

कागदांच्या एका बाजूला नकाशे,
खजिन्याची बग्गी कुठल्या वळणावर हळू होते त्याच्या नोंदी.
त्या बाकीच्या चौघांच्या.
पाठकोऱ्या बाजूला रंगनाथ कोरान्ने, वय एकोणीस:
‘किल्ल्याच्या उतारावर आज शेळी व्यायली.
पिल्लू उभं राहीपर्यंत आमच्यातलं कुणी बोललं नाही.
मग बळवंतानं पुन्हा नकाशा उलगडला.’

मी कोश उघडून बसे.
‘हुरहूर’ला तीन दिवस लागले.
शेवटी तशीच ठेवली, रोमन अक्षरांत, खाली रेघ मारून.
साहेबाला वाटलं, गावाचं नाव असेल.
त्यानं ते नकाशावर शोधायला लावलं.

निशाणी एकवीस अशी होती:
‘जाई उमलेल रात्री, दार लोटून ठेवा,
आईला सांगू नका, ती जागी राहील.’

जाई म्हणजे काय, साहेबानं विचारलं.
फूल, मी म्हणालो.
ते कळलं. पण म्हणजे काय?

मी संध्याकाळी जाऊन पाहून आलो.
परसात न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला वेल,
थंडीनं काळवंडलेला, एक कळी नाही.
हे मी अहवालात लिहिलं नाही.

चैत्रात खटला उभा राहिला.
वकील आठल्ये कठड्यापाशी वाकून कुजबुजले,
फूल म्हण पोरा, संध्याकाळी घरी जाशील.
चौघेही खाली जमिनीकडे पाहत होते,
ह्याला त्यांचे डोळे दिसू नयेत म्हणून.
बळवंताच्या पायात चप्पल नव्हती.
रंगनाथ त्या पायांकडे बराच वेळ पाहत राहिला.

मग पहिल्यांदाच शिवी देणाऱ्या मुलासारखा
घाईघाईनं म्हणाला,
‘जाई म्हणजे बाँब.’

सगळे कागद मी तीन वेळा वाचले होते.
तो शब्द त्याच्या अक्षरात कुठेच नव्हता.
मी दोघांच्या मधे उभा होतो. तोंड उघडलं.
पण त्या शब्दाला भाषांतर लागत नाही.
माझ्याआधीच साहेबानं मान हलवली, लेखणी उचलली.
बळवंत ओरडला, ‘खोटं बोलतोय, ह्याला काडीसुद्धा ओढता येत नाही!’
आणि कठड्यात, हातकड्यांसकट,
पाचही जणांना हसू आवरेना.

सात वर्षांची सजा. पाचव्या वर्षी तापानं गेला.
कागद दफ्तरखान्यात रुमालात बांधलेले आहेत,
प्रत्येकाखाली माझी सही: भाषांतर बरहुकूम असे.

गेल्या श्रावणात त्या गल्लीतून झपझप चाललो होतो.
वेल भिंतीबाहेर आलाय.
दारात त्याची आई, परडी घेऊन.
मी कोण ते तिला ठाऊक नव्हतं.
‘न्या की, वाया जातात नुसती,’ म्हणून तिनं ओंजळभर दिली.
नाही म्हणायला हवं होतं.

घरी बायकोनं विचारलं, रुमालात काय आणलंत?
मी उभाच राहिलो,
वहाणा पायात तशाच.